हजेरीतलं नाव

रात्री दोन-अडीचला पाच नंबरची बेल वाजायची. नातेवाईक दारातूनच ओरडायचा, "सिस्टर, सलाईन संपलं!" मी धावायचे. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला काउंटरवरचे काका माझ्यापुढं व्हाऊचर सरकवायचे. त्यावर माझ्या नावापुढं लिहिलेलं असायचं, 'तात्पुरती मदतनीस'. मी सही करून पैसे मोजून घ्यायचे. रात्री सिस्टर आणि सात तारखेला मदतनीस, हे मला तेव्हा अजिबात खटकत नव्हतं. उलट, शिकतानाच लोक सिस्टर म्हणतात याचं अप्रूप वाटायचं.

मी माण तालुक्यातली. आमच्याकडं पावसाळ्यातही आभाळ बघूनच दिवस काढायचे. २००९ साली मिरजेत नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा वडील म्हणाले, "पाण्याच्या गावाला चाललीस." पाणी होतं, पण खर्चही होता. फी कशीबशी भागली. मेसचं बिल, युनिफॉर्म, जर्नल आणि सणावाराला गावी जायचं एसटीचं भाडं, यात वर्ष संपता संपता घरातली एक म्हैस गेली. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी हॉस्टेल सोडून ब्राह्मणपुरीत एक खोली घेतली आणि दवाखान्यातली नाईट ड्युटी शोधायला लागलो.

मिरजेत नाईट शोधावी लागत नाही, नाईटच तुम्हाला शोधत येते. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि या दोघांच्या सावलीत गल्लोगल्ली खाजगी दवाखाने उभे राहिले. जत, अथणी, चिकोडीपासून पेशंट येतात. वॉर्डात मराठीच्या जोडीनं कन्नडही ऐकू येते. नोवु म्हणजे दुखणं आणि नीरु म्हणजे पाणी, एवढं मी पहिल्याच आठवड्यात शिकले. इतके दवाखाने म्हटल्यावर इतक्या रात्री आल्या, आणि प्रत्येक रात्रीला एक जागी पोरगी लागते. शिकलेली, नोंदणी झालेली सिस्टर महाग पडते. शिकत असलेली स्वस्त पडते. हिशोब इतका साधा होता.

आमच्या दवाखान्यात पंधरा बेड होते. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण असे पुष्कळ होते. रात्री स्टाफ म्हणजे आम्ही दोघी : मी आणि एक मावशी. वर निवासी डॉक्टरांची, म्हणजे आरएमओंची खोली, पण आरएमओ असतीलच असं नाही. मोठे डॉक्टर घरी, फोनवर. दर ठरलेला होता. सेकंड इयरच्या मुलीला रात्रीचे ऐंशी रुपये, थर्ड इयरच्या मुलीला शंभर. थर्ड इयरला गेल्यावर काकांनी न सांगता वीस रुपये वाढवले, तेव्हा मी भीत भीत विचारलं, "काका, काम तर तेच आहे, मग वीस कशाचे?" ते हसून म्हणाले, "आता तुला व्हेन सापडते की!"

तेव्हा मीही हसले. आज तो विनोद आठवला की हसू येत नाही. मदतनिसानं शिरेत सुई घालायची नसते. म्हणजे जे काम माझ्या नावापुढच्या शब्दात बसतच नव्हतं, त्याचीच किंमत वीस रुपये लावली होती. बसत होतं ते काम, म्हणजे बेडपॅन देणं, स्पंजिंग, चादर बदलणं, म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावणं, ते ऐंशी रुपयांत धरलेलं होतं. आणि त्या दोन्हींच्या मधलं, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट भरणं, बीपी घेणं, लघवी किती झाली ते मोजून लिहिणं, ते कुणी मोजतच नव्हतं.

दिवसा कॉलेजच्या पोस्टिंगला गेलो की चित्र वेगळं असायचं. तिथं प्रत्येकीजवळ प्रोसिजर बुक असायचं. कुठलंही काम आधी पाहायचं, मग मदत करायची, मग मॅडम शेजारी उभ्या असताना स्वतः करायचं, आणि प्रत्येक पायरीवर मॅडमची सही. कॅथेटर घालताना माझा हात थरथरला, तर मॅडम नुसत्या कोपराला बोट लावायच्या आणि हात थांबायचा. त्याच हातानं त्याच रात्री मी एकटीनं तेच काम करायचे. तिथं ना सही, ना कोपराला बोट. सकाळी पुन्हा प्रोसिजर बुकात मी 'मदत केली'च्या रकान्यात असायचे.

एक रात्र मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. जुलै महिना होता, बाहेर पाऊस. तीन नंबरला जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या एक आजी होत्या. संध्याकाळचा रिपोर्ट उशिरा आला, त्यात पोटॅशियम कमी. मी डॉक्टरांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, "केसीएल एक ॲम्प टाक सलाईनमध्ये," आणि फोन ठेवला.

मी ट्रेमधून केसीएलचं, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडचं ॲम्प्युल काढलं. दहा मिली. बाटलीकडं पाहिलं. पाचशेची बाटली, पण तळाला शंभर-सव्वाशे मिली उरलेलं. फार्मॅकॉलॉजीच्या मॅडमनी फळ्यावर दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य डोळ्यांपुढं आलं : पोटॅशियम थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, आणि पातळ केल्याशिवाय तर नाहीच. एवढ्याशा पाण्यात ते टाकलं तर हाताची शीर जळेल हे नक्की होतं. भराभर गेलं तर हृदयाचं काय होईल हेही वाचलेलं होतं. पुन्हा फोन लावला, उचलला नाही. वर जाऊन दार वाजवलं, खोली रिकामी. आजींचा मुलगा माझ्या मागं मागं, "द्या की सिस्टर, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

मी नवी बाटली फोडली. पाचशे मिलीत ॲम्प्युल टाकलं, बाटली चार-पाचदा उलटी-सुलटी केली, थेंब मोजून सावकाश लावली, आणि स्टूल घेऊन आजींच्या उशाशी बसले. दर पंधरा मिनिटांनी नाडी बघत होते. पहाटे साडेपाचला आजींनी चहा मागितला, तेव्हा मला रडू आलं.

सात तारखेला व्हाऊचरवर पंचेचाळीस रुपये कमी होते. काकांना विचारलं तर म्हणाले, "जुनी बाटली पूर्ण न वापरता टाकलीस. पेशंटच्या बिलात दोनदा कशी लावायची?" मी गप्प बसले. डॉक्टर वाईट नव्हते. पुढं कधीतरी त्यांनीच मला ईसीजी वाचायला शिकवलं, आणि बहिणीच्या लग्नाला न मागता उचल दिली. पंधरा बेडच्या दवाखान्याला रात्रीच्या दोन नोंदणीकृत सिस्टर परवडत नाहीत, हेही खोटं नव्हतं. पण त्या रात्री मी जे केलं ते सिस्टरचं काम होतं, आणि जे कापलं ते मदतनिसाच्या मजुरीतून.

मावशी सगळं बघत होत्या. वीस वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई. मला पायरीवर बसवून म्हणाल्या, "पोरी, हजेरीत तुजं नाव कुटं हाय, बगितलंस का कदी?" मी म्हटलं, "तुमच्या खाली." "मग? पगार माजा देत्यात आन् काम सिस्टरचं घेत्यात. उद्या काय इपरीत झालं, तर इचारतील कुणाला? सिस्टरला. आन् सिस्टर कोन? हजेरीत तर कोन न्हाई." मावशींना वाचता येत नव्हतं. पण हजेरीच्या वहीत कुणाची ओळ कुठं आहे, हे त्यांना पाठ होतं.

दिवाळीला गावी गेले तेव्हा हे वडिलांना सांगितलं. वडील साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत शिकले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात हे कॉलेज. हातात पैसा नसलेल्या पोरानं अंगमेहनत करून शिकावं, कुणाचे उपकार नकोत, हा त्यामागचा विचार. वडील सकाळी बागेत खोरं घेऊन जायचे आणि मग तासाला बसायचे. त्यांच्या बोलण्यात त्या दिवसांचा कधी कमीपणा नसायचा. मला वाटलं, ते म्हणतील, "कष्टाला लाजू नये." ते म्हणाले, "आमचे तास मांडलेले असायचे. किती तास खणलं, त्याचे किती. आणि खणायला नेलं तर खणायलाच. कुणी आम्हाला वर्गावर शिकवायला नाही पाठवलं."

तोवर मी माझ्या रात्रीला 'कमवा आणि शिका'च समजत होते. वडिलांच्या त्या एका वाक्यानं दोन्हींतला फरक कळला. कष्टात काही वावगं नव्हतं. माझं काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पास झाल्यावर नोंदणी झाली, नोकरी लागली, पुढं शिकले, आणि आता काही वर्षं मी स्वतःच नर्सिंगच्या मुलींना शिकवते. साताऱ्याच्या मुली असतात, सांगली-जतच्या असतात. पगाराच्या श्रेणींची गोष्ट निघाली की मी फळ्यावर दोन आकडे लिहिते. राज्य सरकारच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात अधिपरिचारिका एस-१३ मध्ये, मूळ वेतन ३५,४०० पासून. सगळ्यात खालची पायरी एस-१, १५,००० पासून. या दोन आकड्यांच्या मध्ये अकरा पायऱ्या आहेत. मुली विचारतात, "मॅडम, आम्ही कितव्या पायरीवर?" तक्त्यात त्यांच्यासाठी पायरीच नाही.

खाजगी दवाखान्यांचंही तेच. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २९ जानेवारी २०१६ ला निकाल दिला आणि केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. समितीनं बेडच्या संख्येवर पगार बांधला. दोनशेच्या वर बेड असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, शंभर ते दोनशे असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत असतील तरी महिन्याला किमान २०,००० रुपये. शिफारस चांगली आहे, अंमल राज्यांवर सोपवलेला. पण ती आहे नोंदणी झालेल्या परिचारिकेसाठी. किमान वेतनाच्या कायद्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन कप्पे असतात, त्यांत मावशींना जागा आहे. दुसऱ्या वर्षाची मुलगी कुठल्या कप्प्यात? तिला शीर सापडते म्हणून कुशल, परीक्षा व्हायची म्हणून अर्धकुशल, की रोजावर आली म्हणून अकुशल? दवाखाना सोयीचा कप्पा निवडतो. रात्री पहिला, सात तारखेला तिसरा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता इंग्लंडमध्ये आहे. फलटणकडची पोर. रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिच्या वॉर्डात तिथल्या नर्सिंग कॉलेजच्या मुली सुट्टीत आणि शनिवार-रविवारी हेल्थकेअर असिस्टंट म्हणून रोजाच्या शिफ्ट करतात. मी कान टवकारले. "मग त्यांना काय म्हणून धरतात?" तिनं सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. तिथं २००४ पासून सगळ्या सरकारी दवाखान्यांना एकच वेतनपट्टी आहे. नोंदणी झालेली नर्स पाचव्या बँडला. मदतनीस दुसऱ्या किंवा तिसऱ्या बँडला. अंग पुसणं, भरवणं, उठवून बसवणं, एवढंच करणारी दुसऱ्या बँडची. बीपी, तापमान, साखर तपासायला लागली की काम तिसऱ्या बँडचं झालं. आणि तिथंही सगळं आलबेल नाही. पैसे दुसऱ्या बँडचे देऊन काम तिसऱ्याचं घेतलं, म्हणून हजारो मदतनीस भांडले, संप केले, आणि कित्येक ठिकाणी मागची थकबाकी वसूल केली.

मी ऐकून हसले. आमच्या पंधरा बेडांत न मोजलेला जो मधला भाग होता, म्हणजे टीपीआर, बीपी, इनटेक-आउटपुट, त्याच्यासाठी सातासमुद्रापार माणसं संपावर बसली होती. "पण मॅडम," ती म्हणाली, "मला पैशापेक्षा दुसरंच आवडलं. ती मुलगी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असू दे, मदतनिसाच्या शिफ्टला आली की इंजेक्शनला हात लावत नाही. मी एकदा घाईत म्हणाले, जरा हे औषध दे. ती म्हणाली, सॉरी, आज मी असिस्टंट आहे. आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही."

'आज मी असिस्टंट आहे.' हे वाक्य मला केसीएलच्या रात्री हवं होतं. पगाराची श्रेणी म्हणजे किती मिळणार, एवढंच आम्ही समजत आलो. पण तिच्या पोटात दुसरी गोष्ट असते : कुठल्या कामाला नाही म्हणता येतं. श्रेणी लिहिलेली नसली की पोरीला 'नाही' म्हणायला जागा उरत नाही. ती नाही म्हणाली तर उद्धट, हो म्हणाली तर हुशार. आणि उशाशी कुणीतरी आजी असतेच.

कामाची हद्द कागदावर येऊ शकते, हे मी २०२१ मध्ये पाहिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्र सरकारनं ठरवलं की परीक्षेची वाट बघणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींना कोविडच्या कामाला लावता येईल, मात्र वरिष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली. शंभर दिवस केले तर सरकारी भरतीत प्राधान्य. मी मुलींसोबत वॉर्डात उभी होते. पीपीई किटमध्ये कोण कोण ते ओळखू येईना म्हणून पाठीवर मार्करनं नावं लिहिली, आणि नावाखाली 'विद्यार्थिनी'. एका डॉक्टरांनी घाईत एका मुलीला काही सांगितलं, मग तिची पाठ बघितली आणि माझ्याकडं वळले. दोन सेकंदांचं काम. मला मात्र मावशींची पायरी आठवली. त्याच महिन्यात आसपासच्या खाजगी सेंटरमधून माझ्या सेकंड इयरच्या मुलींना फोन येत होते : रात्रीचे हजार रुपये, लगेच या. माझ्या ऐंशी रुपयांच्या मानानं भाव साडेबारा पट झाला होता. पाठीवर काय लिहिणार, हे कुणी सांगत नव्हतं.

नाईट करू नका, असं मी मुलींना सांगत नाही. कॉलेजचा नियम वेगळा आहे, आणि माझ्या तोंडी तो शोभतही नाही. ज्या घरातून म्हैस जाते त्या घराला नियम सांगून भागत नाही. मी त्यांना तीन प्रश्न विचारते. हजेरीत तुझ्या नावापुढं काय लिहितात? रात्री नोंदणी झालेली सिस्टर कोण आहे? आणि तू काय करणार नाहीस? पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक मुली खाली बघतात. तिसऱ्याला गोंधळतात. काम काय येतं ते विचारलेलं त्यांना माहीत असतं.

मग मी त्यांना एक साधी वही करायला लावते. प्रोसिजर बुकासारखीच, पण एक रकाना जास्त. पाहिलं, मदत केली, केलं, आणि चौथा : नाही केलं. तिच्यावर कुणाची सही नाही, कोर्टात तिचा उपयोग होईल असंही नाही. वडील तास मांडायचे, तसं मांडायचं. पहिल्या पहिल्यांदा चौथा रकाना कोराच असतो.

गेल्या पावसाळ्यात खटावची एक मुलगी, सेकंड इयरची, सकाळी थेट ड्युटीवरून कॉलेजात आली. डोळे लाल, केसांवर पावसाचं पाणी. काही न बोलता वही माझ्या टेबलावर ठेवून वर्गात गेली. उघडून पाहिली. तारीख, रात्रीचे साडेतीनशे, आणि खाली तिच्या बारक्या अक्षरात चौथ्या रकान्यात एकच नोंद : '२.४०. फोनवर इंजेक्शन सांगितलं. दिलं नाही. मी मदतनीस आहे म्हणाले. सर गाडी घेऊन आले, त्यांनी दिलं. पेशंट बरा.' त्याच्या खाली पेन्सिलनं : 'सर चिडले. पुढच्या आठवड्यात बोलावतील का माहीत नाही.'

मी वही मिटली आणि तासाला गेले. ती शेवटच्या बाकावर डोकं टेकून झोपली होती. शेजारच्या मुलीनं तिला उठवायला हात पुढं केला. मी बोटानंच खूण केली, राहू दे.